मे महिन्यात पाणी कोण घालणार?

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शोभेची झाडे : निवड आणि निगा’ असं छापलंय. वीस मिनिटांत दोन्ही व्हायचं नाही, म्हणून मी फक्त निवडीवर बोलणार आहे. निवड चुकली की निगा राखून झाड मरायला दोन महिने जास्त लागतात, एवढंच होतं.

गेली एकतीस वर्षं मी सोलापूर रस्त्याला, उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकेत आहे. तिथं येणारं गिऱ्हाईक आधी फूल बघतं, मग किंमत विचारतं, मग ‘किती मोठं होईल’ विचारतं. ‘कुठं लावणार?’ असं मी विचारलं की मात्र थोडं दचकतं. काहींना तर राग येतो, की हिला काय करायचंय, हिनं विकावं. पण बघा, आपल्या माणदेशात आईवडील मुलीचं स्थळ बघायला गेले की घर, शेत, माणसं बघायच्या आधी ‘पाणी कुठनं आणता?’ हे विचारायचे. पोरीच्या डोक्यावर हंडा किती लांबून यायचा ते कळलं पाहिजे म्हणून. रोपालाही कुणीतरी असं विचारणारं पाहिजे. त्याला तर माहेरी परत येता येत नाही.

आता मुद्द्यावर येते. आज चारच्या बैठकीत आपण शाळेच्या सुशोभनाचे पैसे कशावर खर्च करायचे ते ठरवणार आहोत. व्हॉट्सॲपवर फिरलेली यादी सगळ्यांनी बघितलीय. दर्शनी भागात लॉन, त्याच्या दोन्ही बाजूंना रॉयल पाम, मध्ये सायकस, गुलाबांचा एक वाफा, कंपाउंडला अशोकाची रांग आणि पडलेल्या गुलमोहराच्या जागी पुन्हा गुलमोहर. यादी करणाऱ्यांचं मन मोठं आहे आणि पैसेही त्यांनीच जास्त दिलेत. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीसाठी ही यादी मी डोळे मिटून मंजूर करीन, कारण तिथं पगारी माळी असतो आणि बोअरला पाणी नसलं तर टँकर येतो. आपल्या शाळेत यातलं काय आहे ते बघू.

काल संध्याकाळी मी टेप घेऊन आवारात फिरले. दर्शनी जागा साधारण चाळीस फूट बाय पंचवीस, म्हणजे हजार चौरस फूट. हिरवळीला आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात चौरस मीटरला रोज पाच ते सहा लिटर पाणी लागतं. हिशेब केला तर रोज पाचशे लिटर झाले. शाळेची टाकी दोन हजार लिटरची आहे. शिपाईमामांना विचारलं, तर म्हणाले, ‘मार्चनंतर बोअर दिवसाआड चालतो, टाकी भरली तर भरली.’ म्हणजे मुलांच्या पिण्याच्या पाण्यातलं पाव पाणी आपण गवताला घालणार. किंवा घालणार नाही, आणि मग पंधरा मे ला तिथं पिवळी चटई असेल. आपल्याकडे वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरात. बारमाही हिरवळ ही इथली वनस्पती नव्हे. शिवाय लॉन केलं की त्यावर पाटी येते, ‘हिरवळीवर चालू नये.’ शाळेत कुणी चालायचं नाही म्हणजे कठीण आहे. मी म्हणते, ती जागा मोकळी ठेवा. पोरं धावू देत.

रॉयल पाम मूळचा क्युबाकडचा. तिथं भरपूर पाऊस आणि दमट हवा. आपल्याकडे नर्सरीत दिसणारी शोभेची रोपं पुष्कळदा आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. भूगोलाचे सर समोर आहेत म्हणून सांगते, त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी आपली गोदावरी समुद्राला मिळताना जिथं फाटे फोडते, तो हा मुलूख. गाळाची माती, दमट हवा आणि कालव्याला पाणी. तिथं लाडात वाढलेला सात फुटी पाम आपण मुरमात पुरणार, आणि जूनपर्यंत शाळेला सुट्टी. जगलाच, तरी दुसरी अडचण वीस वर्षांनी येते. त्याची वाळलेली झावळी देठासकट दहा किलोच्या वर भरते आणि ती कधी पडणार ते सांगून पडत नाही. ज्या वाटेने सहाशे मुलं ये-जा करतात, तिच्या दोन्ही बाजूंना मी ते झाड लावणार नाही.

अशोकाबद्दल थोडक्यात. आपण ज्याला अशोक म्हणतो तो आसूपालव. खरा सीतेचा अशोक वेगळा, त्याला केशरी फुलांचे गुच्छ येतात, आणि त्याला ओलावा आणि थोडी सावली लागते, म्हणून तो कोकणात सुखी. आसूपालव आपल्याकडे जगेल, त्याची तक्रार नाही. पण तो भाल्यासारखा सरळ उभा राहतो, त्याच्याखाली एक पोरगंसुद्धा सावलीला उभं राहू शकत नाही. दुपारी एसटीची वाट बघत पोरं त्याच कंपाउंडला टेकलेली असतात. तिथं मला पसरणारं झाड पाहिजे.

गुलमोहराचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तिथं आपल्या सगळ्यांचा जीव अडकलाय. पाण्याच्या परीक्षेत गुलमोहर पहिल्या वर्गात पास होतो. तो मादागास्करचा, उन्हाची त्याला सवय, आणि ऐन मे महिन्यात फुलतो. नापास होतो तो वाऱ्याच्या परीक्षेत. मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ, आणि वर छत्रीसारखा मोठा पसारा. वळवाचा वारा त्या छत्रीत शिरला की फांदी मोडते, नाहीतर झाडच आडवं होतं. आपला तो गुलमोहर असाच वळवात गेला. सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. जागा तीच, वारा तोच, आणि आता शेजारी पाचवीच्या वर्गाचा पत्राही आलाय. त्यामुळं त्या जागी मी बहावा सुचवते. तो आपल्याच मातीतला, मूळ खोल सोडणारा. पहिली तीन-चार वर्षं तो फार सावकाश वाढतो, लोकांना वाटतं खुजा राहिला, पण तेवढ्या वेळात तो खाली जात असतो. एप्रिल-मेमध्ये पानं गळून पिवळी झुंबरं लागली की रस्त्यावरचा माणूस थांबून बघतो. गुलमोहर हवाच असेल तर मैदानाच्या पश्चिमेच्या टोकाला लावा, जिथं इमारत नाही, बसायची जागा नाही. आठवणीसाठी झाड लावायला माझी काहीच हरकत नाही. माझं म्हणणं फक्त ते कुठं उभं राहील याबद्दल आहे.

आता सावली. इथं मी सरांची परवानगी घेऊन भूगोलाचा तास घेते. आज डिसेंबर आहे. आत्ता खिडकीतून बघा, इमारतीच्या उत्तरेचा तो आठ फुटी पट्टा पूर्ण सावलीत आहे, दिवसभर सावलीतच असणार. कालच दोघांनी मला तिथं नेऊन सांगितलं, ‘इथं सावलीतली झाडं छान येतील, नेचे लावू, कॅलेथिया लावू.’ पण आपलं गाव साडेसतरा अंशांच्या आसपास आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर थेट जुलैअखेरपर्यंत तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन तर मार्चअखेरीपासूनच उत्तरेच्या भिंतीवर यायला लागतं. म्हणजे डिसेंबरात जी गार सावली, तिथं वर्षातलं सगळ्यात कडक ऊन नेमकं मे महिन्यात येतं. नेचा तिथं आठ दिवसांत कुरकुरीत पापड होईल. ज्यांना आपल्या गच्चीचा, बाल्कनीचा अंदाज घ्यायचाय त्यांनीही हे लक्षात ठेवा. ऊन बघायचं ते मे महिन्यात, आणि दिवसातून तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि चारनंतर. चारनंतरचं पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट, कारण तोवर भिंत आणि फरशीही तापलेली असते.

मग त्या पट्ट्यात काय? स्नेक प्लांट. ऊनही सोसतो, सावलीही सोसतो, आणि पंधरा दिवस विसरलात तरी रुसत नाही. त्याला नको असतं ते पाणीच. त्याच्या जोडीला अबोली मी फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात लावीन, जिथं सकाळचं ऊन आणि नंतर आडोसा मिळतो, आणि ऑफिसातून जाता-येता कुणीतरी तांब्याभर पाणी घालील.

पाणी साचणारी आणि ओली राहणारी जागा शाळेत दोन ठिकाणी आहे, आणि त्या दोघी एकसारख्या नाहीत. नळाच्या कट्ट्याचं पाणी जिथं वाहतं ती जागा शाळा सुरू असेपर्यंत बारमाही ओली. मुलं हातपाय धुतात, डबे धुतात, ते सगळं पाणी आज नुसतं चिखल करतं. तिथं कर्दळ लावा, लाल आणि पिवळी. ऊन आणि ओल दोन्ही मिळाली की ती वेड्यासारखी फुलते. सुट्टीत वरून वाळली तरी खाली गड्डे जिवंत राहतात, जूनला परत फुटतात. आणि तिच्या मागं एक ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. मुलांना सामान्यज्ञानात ते पाठ असतं, पण झाड बघितलेलं नसतं. ते मूळचं ओढ्याकाठचं, म्हणून आपल्या गावात मी त्याला दुसरीकडे कुठंही लावणार नाही. फक्त त्या सांडपाण्याच्या कडेला.

दुसरी जागा मैदानाचा खालचा कोपरा, काळ्या मातीचा. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं आठ-आठ दिवस पाणी उभं राहतं आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्ही टोकं. अशा ठिकाणी चाफा कुजतो, सदाफुली कुजते. तिथं करंज. तो पाण्यात पाय ठेवूनही उभा राहतो आणि कोरड्यातही. उन्हाळ्यात नवी चकचकीत पालवी, फिकट जांभळट फुलांचा खाली सडा, आणि सावली दाट. एसटीच्या बाजूच्या कंपाउंडलाही मी करंजच म्हणीन, दर पंचवीस फुटांवर एक.

मातीबद्दल एक सोपी गोष्ट करता येते, आणि ती या शाळेतच करता येते. रसायनशास्त्राच्या बाई आहेत ना? बाई, प्रयोगशाळेतलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल चार थेंब मातीच्या ढेकळावर टाकलं आणि फसफसलं, तर त्यात चुनखड आहे. नववीच्या मुलांकडून आवारातल्या सहा जागांची माती तपासून घ्या, त्यांचाही प्रयोग होईल. चुनखडीच्या जमिनीत इक्झोरा, अनंत, थोड्या प्रमाणात जास्वंद यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक म्हणतात पाणी कमी पडलं, आणखी पाणी घालतात. माती लोह सोडत नसते, पाण्याचा तिथं संबंध नाही. रत्नागिरीला असलेला आपला मित्र मला दरवर्षी त्याच्या दारातल्या इक्झोराचे फोटो पाठवतो, लालभडक, आणि खाली लिहितो, ‘तुमच्याकडे येत नाही वाटतं?’ नाही येत, बाबा. तुझी जांभ्याची माती आंबट आहे, आमची चुन्याची. तुझ्याकडे आमच्यासारखी बोगनवेल फुलवून दाखव, जुलैत.

बोगनवेलीचं नाव निघालंच आहे तर सांगते, या यादीत ती नाही याचं मला आश्चर्य वाटलं. १७६७ साली बूगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती ब्राझीलमध्ये सापडली. त्याच्यासोबत मदतनीस म्हणून पुरुषवेशात जान बारे नावाची बाई होती. ती पृथ्वीप्रदक्षिणा करणारी इतिहासाला माहीत असलेली पहिली बाई. आमच्या धंद्यात आम्ही दिवसाला पन्नास बोगनवेली विकतो आणि हे कुणालाच सांगत नाही. आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पानं आहेत, खरं फूल मध्ये असतं, छोटंसं पांढरट. तिला पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात, ताण पडला की रंग येतो. म्हणजे आपली सुट्टी तिच्या पथ्यावर पडणारी. दक्षिणेची ती लांब तापलेली भिंत तिच्यासाठीच आहे. काटे असतात, म्हणून व्हरांड्याजवळ नको, भिंतीलाच, आणि पावसाळा संपला की छाटणी.

काटे दिसतात तरी. विष दिसत नाही. कुणीतरी यादीखाली लिहिलंय, ‘हायवेच्या मध्ये असते तशी कण्हेर लावू, पाणीच लागत नाही.’ बरोबर आहे, लागत नाही, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणूनच ती हायवेला लावतात. पण तिचं पान, फूल, साल सगळं विषारी. पिवळी बिट्टी तर त्याहून बेतशीर धरायला हवी. आपण सगळे बिट्ट्यांनी खेळलोय, खिसे भरून. तिची बी थेट हृदयावर परिणाम करते. बालवाडीचे वर्ग आता याच आवारात आहेत आणि त्या वयाची मुलं हाताला लागेल ते तोंडात घालतात. ऑफिसातल्या कुंडीत डिफेनबेकिया ठेवलाय, तोही मुलांच्या हाताच्या उंचीवर नको. चावला तर जीभ आणि घसा सुजतो. सायकसही याच कारणासाठी मी यादीतून काढते, त्याच्या बिया विषारी असतात.

ध्वजाच्या कट्ट्याजवळ मुरूम आहे, उंचवटा आहे, पाणी थांबत नाही. तिथं पांढरा चाफा. खोडात पाणी साठवतो, हिवाळ्यात पानं टाकून मोकळा होतो. २६ जानेवारीला तो नुसता काटक्यांचा दिसेल, कुणीतरी ‘झाड वाळलं’ म्हणून तोडायला सांगेल. तेव्हा मामांना आत्ताच सांगून ठेवा. गुलाबाचा वाफा मी करणार नाही. छाटणी, खत, फवारणी कोण करणार?

ज्यांनी जेवताना आपापल्या घरचं विचारलं त्यांच्यासाठी पटकन. पुण्यात बाराव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी असलेल्या मैत्रिणी, तुझा मोगरा फुलत नाही तो ऊन कमी म्हणून नव्हे, वाऱ्याने कुंडी दुपारपर्यंत कोरडी होते म्हणून. मोठी कुंडी घे, आणि उरलेल्या जागी ऑफिस टाइम लाव, त्याला तो वारा चालतो. स्लॅबवर वाफा करणाऱ्यांनो, एक घनफूट ओली माती पन्नास किलोपर्यंत भरते. आधी इंजिनिअरला विचारा. मालवणला समुद्रासमोर घर बांधणाऱ्याने पहिल्या ओळीत उंडी लावावी, खारा वारा तिला लागत नाही. तिच्या आडोशाला मग हवं ते. आणि न्यू जर्सीच्या वहिनी, मोगऱ्याची कुंडी पहिल्या कडाक्याच्या थंडीआधी घरात, दक्षिणेच्या खिडकीत.

परत शाळेकडे. मी धरलेली झाडं सगळी मिळून पंचवीस. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन आणि शेजारी बुडाला बारीक भोक पाडलेलं एक गाडगं पुरलं, तर झाडाला उन्हाळ्यात आठवड्याला पंधरा लिटर पुरतं. पंचवीस झाडांना आठवड्याला पावणेचारशे लिटर. लॉनला रोज पाचशे लागणार होतं. आणि हे फक्त पहिले दोन, फार तर तीन उन्हाळे. त्यानंतर ही झाडं आपलं आपण बघतील.

तरी पावणेचारशे लिटर कुणीतरी ओतायचं आहे. पैसे पुण्या-मुंबईच्या, दुबईच्या मित्रांनी दिले. मे महिन्यात बादली मात्र गावात राहिलेल्या आठ-दहा जणांच्याच हातात येणार, हे आत्तापर्यंत ग्रुपवर कुणी लिहिलेलं नाही. त्यांना न विचारता यादी ठरू नये. मामा पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतायत, त्यांच्यावर टाकू नका.

म्हणून माझा प्रस्ताव असा. खड्डे यंदाच्या मेमध्ये, तीन फुटी, म्हणजे ऊन खातील. काळ्या मातीत निम्मा मुरूम, मुरमात निम्मी पोयटा माती, दोन्हीकडे शेणखत. लागवड पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर. रोपं तीन-चार फुटांचीच, कारण मोठं झाड आणलं तर मुळं कमी आणि पसारा जास्त. रोपं माझ्याकडून, ती देणगी समजा. पैशातून दुसरी टाकी घ्या, पाच हजार लिटरची, आणि उन्हाळ्यात दोन टँकर.

दाराजवळच्या टेबलावर मी एक कागद ठेवलाय. पुढच्या तीन वर्षांच्या मार्च ते जून, प्रत्येक आठवड्यापुढं एक रेघ मोकळी आहे. जो गावात नाही त्याने त्या आठवड्याला यायचं, किंवा गावातल्या कुणाची तरी आधी परवानगी घेऊन त्याचं नाव लिहायचं. मेचा तिसरा आठवडा, तिन्ही वर्षं, मी माझ्या नावावर घेतलाय. चारच्या बैठकीआधी कागद भरला तर यादीवर बोलू. सर, तुम्ही पेन मागताय, ते टेबलावरच आहे, पण तुम्हाला बादली देणार नाही.